मशिदीसमोरची पाच मिनिटं

६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली आणि त्याच रात्रीपासून मुंबई धुमसू लागली. डिसेंबरातले पाच दिवस आणि जानेवारीतले पंधरा दिवस मिळून ९०० माणसं गेली. या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात त्यांची मोजदाद आहे: ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ५ इतर आणि ४५ जण असे, की ज्यांचा धर्म कोणता हे शेवटपर्यंत कळलं नाही. याच काळात मुंबईहून तास-दीड तासाच्या अंतरावर असलेलं भिवंडी शांत राहिलं. दंगल पहिल्यांदा कुठे होईल असं कुणाही पोलीस अधिकाऱ्याला तेव्हा विचारलं असतं, तर त्यानं भिवंडीचंच नाव घेतलं असतं. १९७० आणि १९८४ अशा दोन मोठ्या दंगली या गावाच्या नावावर होत्या.

धर्म माणसांना मारायला लावतो की वाचवायला, हा वाद आपल्याकडे वर्षानुवर्षं चालू आहे. एक बाजू म्हणते, सगळे धर्म शांतीच शिकवतात, हिंसा राजकारणी करतात. दुसरी म्हणते, धर्मच नसता तर हे रक्तपात झालेच नसते. दोन्ही बाजूंना पुरावे सापडतात, त्यामुळे वाद कधी संपत नाही. भिवंडीची गोष्ट या वादातून बाहेर काढणारी आहे. १९८४ मध्ये जी देवळं आणि मशिदी तिथे होत्या, त्याच १९९२ मध्येही होत्या. धर्मग्रंथ तेच, सणवार तेच, माणसंही बरीचशी तीच. बदललं होतं ते वेगळंच काही, आणि ते काय होतं हे आजच्या महाराष्ट्रानं पुन्हा एकदा नीट समजून घेण्याची गरज आहे.

भिवंडी हे यंत्रमागांचं गाव. बोळाबोळात पत्र्याच्या शेडमध्ये माग चालतात आणि त्यांचा खडखडाट दिवसरात्र थांबत नाही. उत्तर भारतातून पिढ्यांपूर्वी आलेले मोमीन विणकर, जुने कोकणी मुसलमान, तेलंगणातून आलेले पद्मशाली, आजूबाजूच्या खेड्यांतले आगरी आणि कुणबी, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले कामगार, असं हे मिश्रण आहे. माग एकाचा, सूत दुसऱ्याचं, कारागीर तिसरा, कापडाचा व्यापारी चौथा. रोजच्या धंद्यात हिंदू-मुसलमान एकमेकांवाचून अडत होते. तरीही दंगली झाल्या. म्हणजे नुसता व्यवहाराचा संबंध माणसांना रोखायला पुरत नाही, हा भिवंडीचा पहिला धडा.

दंगलीचं निमित्त दर वेळी देवाधर्माचंच असायचं. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीची मिरवणूक निघाली होती. तिच्या मार्गावरून, मशिदीसमोरच्या घोषणांवरून आणि गुलालावरून गावात आधीची काही वर्षं कुरबुरी चालूच होत्या. त्या दिवशी आसपासच्या खेड्यांतून हजारो लोक आले, अनेकांच्या हातांत लाठ्या होत्या. भिवंडी पेटली आणि दुसऱ्या दिवशी जळगाव. न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगानं पुढे बारकाईनं चौकशी केली. मिरवणुकीतल्या लोकांनी मुसलमानांना चिथावण्यासाठी मुद्दाम केलेलं गैरवर्तन हे दंगलीचं तात्कालिक कारण होतं, असं आयोगानं नमूद केलं. नंतरच्या तपासात पोलिसांच्या विशेष पथकानं केलेल्या पक्षपातावरही आयोगानं कडक ताशेरे ओढले. दंगलीपूर्वीचा ताण वाढवण्यात दोन्ही समाजांतल्या कोणत्या संघटनांनी काय केलं, तेही आयोगानं नोंदवलं. हा अहवाल आज फारसा कुणी वाचत नाही. दंगल कशी घडते हे ज्यांना खरंच जाणून घ्यायचं आहे त्यांनी तो जरूर वाचावा, कारण त्यात दंगल आभाळातून कोसळत नाही. ती महिनोन् महिने तयार होत जाते, एकेका बैठकीत, एकेका पत्रकात.

मिरवणूक ही गोष्ट जरा जवळून पाहायला हवी. मिरवणूक वाजतगाजत निघते. पुढे ध्वज, मागे ढोल-ताशा, ट्रॉलीवर मूर्ती किंवा प्रतिमा. अर्धा मार्ग सुरळीत जातो. मग चौक येतो, कोपऱ्यावर मशीद असते आणि नेमकी तिथेच मिरवणूक रेंगाळते. कधी पुढचं मंडळ अडलेलं असतं म्हणून, कधी मुद्दाम. ताशाचा ठेका चढतो. घोषणा बदलतात, आतापर्यंत देवाच्या किंवा महाराजांच्या नावाचा जयजयकार होता, आता समोरच्याला ऐकवण्यासाठीची वाक्यं येतात. गुलालाची मूठ भिंतीवर जाते. मशिदीच्या दारात पाच-पन्नास माणसं उभी असतात, वरच्या गच्चीवर पोरं. बंदोबस्ताचे पोलीस मधे दोरी धरून उभे. साऱ्या गावाचं भवितव्य त्या पाच मिनिटांत ठरतं. जुलूस देवळासमोरून जातो तेव्हाही हेच घडू शकतं, घोषणा तेवढ्या वेगळ्या. या पाच मिनिटांत मंडळाच्या अध्यक्षाला मशिदीच्या दारातला माणूस नावानं ओळखतो का, ‘अरे अमुकभाई, जरा तुमच्या पोरांना खाली घ्या, मी आमच्यांना पुढे काढतो’ असं म्हणण्याइतकी त्यांची ओळख आहे का, यावर पुढचं सारं अवलंबून असतं. ती ओळख त्या चौकात, त्या गोंगाटात होऊ शकत नाही. ती आधीच झालेली असावी लागते.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. त्यानंतरच्या एक-दोन वर्षांत पुण्यात गणेशोत्सव सार्वजनिक रूपात उभा राहिला. त्याआधी मोहरमच्या ताबुतांत हिंदू मोठ्या संख्येनं भाग घेत, नवस बोलत, ताबूत बसवत. पुण्यात तो सहभाग झपाट्यानं ओसरला आणि मशिदीवरून वाद्यं वाजवत जाण्याचा हक्क हा भांडणाचा विषय झाला. सव्वाशे वर्षं उलटून गेली तरी पोलीस ठाण्यातल्या बैठकीत आजही याच विषयावर खल चालतो. रस्ता आहे तितकाच आहे, फक्त ढोलांची जागा डीजेनं घेतली आहे.

धर्म इथे नेमकं काय करतो? धर्म माणसं गोळा करतो. एरवी दहा माणसं जमवताना कार्यकर्त्याच्या नाकी नऊ येतात, पण सणाच्या दिवशी दहा हजार माणसं आपणहून येतात, आणि एरवी भिडस्त असलेला माणूस त्या गर्दीत धीट होतो. हे बळ दुधारी आहे. ते लुटीकडेही वळवता येतं आणि माणसं वाचवण्याकडेही. मुंबईत डिसेंबर १९९२ च्या अखेरीस महाआरत्या सुरू झाल्या. त्यांच्यामुळे तणाव वाढत गेला आणि काही ठिकाणी आरतीहून परतणाऱ्या जमावांनी हल्ले केले, हे श्रीकृष्ण आयोगानं नोंदवलं आहे. आरती तीच, जी घरोघरी म्हटली जाते. ती रस्त्यावर आली, शक्तिप्रदर्शन झाली, आणि तिचा अर्थ पालटला.

धर्म एक असला म्हणजे माणसं एकमेकांना मारत नाहीत, हाही भ्रम आहे. रवांडात १९९४ साली ज्यांनी मारलं आणि जे मेले, ते बहुतेक ख्रिस्तीच होते. एकाच चर्चमध्ये प्रार्थनेला बसणारे. आधीच्या दंग्यांत चर्चनं आसरा दिला होता, म्हणून ज्यांच्यावर हल्ले होत होते ती तुत्सी जमातीची कुटुंबं या वेळीही चर्चमध्ये शिरली आणि न्तारामा, न्यामाता, न्यारुबुये इथल्या चर्चमध्ये त्यांची कत्तल झाली. न्यांगे गावचं चर्च तर आतल्या माणसांसकट बुलडोझरनं पाडण्यात आलं. तिथला पाद्री अथानास सेरोम्बा याला आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं दोषी ठरवलं आणि अपिलात २००८ साली त्याची शिक्षा वाढून जन्मठेप झाली. ज्याच्या शब्दावर सारं गाव थांबलं असतं, तोच मारणाऱ्यांना सामील झाला. धर्मगुरूच्या हाती किती ताकद असते याचा यापेक्षा भीषण पुरावा दुसरा नसेल.

आपल्या मनात शांतिदूताचं एक चित्र ठसलेलं असतं: पेटलेल्या जमावासमोर हात जोडून उभा राहिलेला एकटा माणूस. अशी माणसं खरोखर होऊन गेली. १ जुलै १९४६ रोजी अहमदाबादेत रथयात्रेच्या दिवशी दंगल भडकली. तेव्हा वसंतराव हेगिष्टे हा मराठी तरुण आणि रजबअली लाखाणी हे सेवादलातले दोघे मित्र जमालपूर भागात जमावाला अडवायला गेले आणि दोघेही मारले गेले. अहमदाबादेत वसंत-रजब ही जोडी आजही आदरानं आठवली जाते, आणि ती महाराष्ट्रातही घराघरात माहीत असायला हवी. पण त्यांच्या बलिदानापुढे मान झुकवताना एक गोष्ट विसरता येत नाही. दंगल सुरू झाल्यावर मधे पडणाऱ्याच्या वाट्याला मरण येतं, आणि दंगल बहुधा थांबत नाही. वसंत-रजबांवर मधे पडायची वेळच येऊ नये, असं काम आधी करून ठेवावं लागतं.

भिवंडीत असं काम १९८८ साली सुरू झालं. सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून तिथे आले. १९८४ च्या दंगलीला चार वर्षं झाली होती. मे महिन्यातल्या त्या दंगलीत भिवंडी, ठाणे, कल्याण आणि मुंबई मिळून अडीचशेहून अधिक माणसं मारली गेली होती. गावात शांतता समिती तेव्हाही होती. प्रत्येक गावात असते. सणाच्या दोन दिवस आधी पोलीस ठाण्यात बैठक भरते, दोन्ही समाजांचे पुढारी येतात, चहा होतो, एकोप्याची भाषणं होतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो. खोपड्यांनी या समितीकडे नीट पाहिलं, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की बोळात राहणारा साधा माणूस तिच्यात नाहीच. तिथे बसणारे बरेचसे लोक पोलीस आणि जनता यांच्यामधले दलाल होते. भांडण पेटलं काय आणि मिटलं काय, दोन्हीकडून त्यांचं वजन वाढत होतं. गल्लीतल्या मुसलमानाला पोलिसाची धास्ती होती आणि पोलिसाला ती गल्ली म्हणजे शत्रूचा मुलूख वाटत होता.

म्हणून मोहल्ला समित्या आल्या. गावाचे लहान लहान भाग पाडून सुमारे सत्तर समित्या झाल्या. एकेका समितीत पन्नासच्या आसपास माणसं, हिंदू आणि मुसलमान बरोबरीनं. पुढाऱ्यांऐवजी मागावरचे कामगार, रिक्षावाले, दुकानदार, शिक्षक, घर सांभाळणाऱ्या बायका अशी माणसं घेतली. प्रत्येक समितीला ठरलेला अधिकारी आणि ठरलेले शिपाई जोडून दिले. बैठका सण असो वा नसो, नियमित. विषय अगदी साधे. नळावरचं भांडण, पोरांची मारामारी, भाडेकरूचा वाद, कुणाच्या दारात कुणी गाडी लावली. अशी प्रकरणं ठाण्याची पायरी चढण्याआधी तिथेच मिटू लागली. जी मुसलमान बाई पोलिसाला पाहिलं की दार लावायची, ती आता त्याच्याशी समोर बसून बोलू लागली. आणि ज्या शिपायानं ती गल्ली फक्त लाठी हातात घेऊन पाहिली होती, त्याला तिथली माणसं नावानिशी ठाऊक झाली.

यात धर्माविषयी काहीच नव्हतं, आणि धर्माच्या भांडणावर याहून चांगला उपाय महाराष्ट्रात कुणी केलेला नाही. या बैठकांत गीता-कुराणातली वचनं शेजारी शेजारी ठेवून वाचली जात नव्हती. चार वर्षांत ओळखीचं इतकं दाट जाळं विणलं गेलं, की डिसेंबर १९९२ मध्ये अफवा आल्या तेव्हा त्या खऱ्या की खोट्या हे विचारायला दुसऱ्या समाजात माणूस होता. मुंबईत तो नव्हता. तिथे वस्त्यावस्त्यांत ‘ते येताहेत’ म्हणून रात्री जागवल्या जात होत्या, आणि हे ‘ते’ कोण हे कुणी पाहिलेलं नव्हतं. खोपड्यांच्या बदलीनंतरही समित्या टिकल्या, म्हणूनच त्या हिवाळ्यात भिवंडी वाचली.

आशुतोष वार्ष्णेय या अभ्यासकानं यावर मोठं संशोधन केलं आहे. १९५० ते १९९५ या काळातल्या हिंदू-मुस्लीम दंगलींची नोंद तपासली, तेव्हा त्यांना दिसलं की एकूण मृत्यूंपैकी ४५ टक्क्यांहून अधिक फक्त आठ शहरांत झाले, आणि खेड्यांतलं प्रमाण चार टक्क्यांहूनही कमी होतं. मग त्यांनी अलीगढ आणि कालिकत शेजारी ठेवून पाहिली. दोन्हीकडे लोकसंख्येतलं हिंदू-मुसलमानांचं प्रमाण साधारण सारखं, पण अलीगढ वारंवार पेटतं आणि कालिकत शांत राहतं. कालिकतमध्ये ८३ टक्के लोकांनी सांगितलं की हिंदू-मुसलमान बरोबर जेवायला बसतात. अलीगढमध्ये हे प्रमाण ५४ टक्के निघालं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कालिकतमध्ये कामगार संघटना, व्यापारी संघ, वाचनालयं, कलामंडळं अशा संस्थांत दोन्ही समाजांची माणसं एकत्र होती. शेजारधर्म चांगलाच, पण ताण वाढला की त्याची वीण उसवते. संस्थेची सहसा उसवत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. भिवंडीचाही उल्लेख त्यांनी केला आहे, कारण तिथे ही संस्था चक्क पोलिसांनी उभी केली.

मुंबईलाही नंतर जाग आली. १९९४ च्या सुमारास पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकारानं मुंबईत मोहल्ला समित्या सुरू झाल्या. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान या दोन मित्रांनी गल्लीगल्लीत हेच काम आपल्या पद्धतीनं केलं. वकार खान यांनी चार लहान मुलांना वेगवेगळ्या धर्मांच्या वेषात उभं करून ‘हम सब एक हैं’ असं पोस्टर काढलं, आणि ते धारावीबाहेर पोलीस ठाण्यांच्या भिंतींवरही लागलं. त्या दोघांवर ‘नाता’ नावाचा माहितीपट झाला. पोस्टर डोळ्यांत भरतं, पण त्यामागे दंगलीनंतरची कितीतरी वर्षं लोकांच्या घरी जाऊन बसणं, रुसलेल्यांना समजावणं होतं, आणि खरं मोल त्याचं आहे.

सामाईक श्रद्धास्थान असलं की शांतता राहते, असं मानणाऱ्यांनी सांगली जिल्ह्याकडे पाहावं. वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत गावाचा गणपती दर वर्षी मशिदीत बसतो. पावसात मूर्ती भिजू नये म्हणून मुसलमान गावकऱ्यांनी पूर्वी केव्हातरी दार उघडलं, आणि १९८० पासून ती रीतच पडली. बकरी ईद आणि गणेशोत्सव एकत्र आले तेव्हा तिथल्या मुसलमानांनी कुर्बानी टाळली. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात कुरुंदवाडलाही मशिदींत गणपती बसतो. आणि याच सांगली जिल्ह्यात मिरज आहे. तिथल्या मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो, आणि उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ तिथे गायन-वादन होतं. असा वारसा असलेलं मिरज सप्टेंबर २००९ मध्ये ऐन गणेशोत्सवात पेटलं. निमित्त होतं अफझलखानाच्या वधाचं चित्र असलेल्या कमानीचं. शेकडो वर्षांचा दर्गा आणि त्याचे मानकरी, कुणालाच ती दंगल थोपवता आली नाही. गोटखिंडीत दर वर्षी मूर्ती कुठे ठेवायची, दार कोण उघडणार, आरती कोण करणार यासाठी माणसांना एकत्र बसावंच लागतं. मिरजेत कमान उभी करताना समोरच्याला विचारायची तशी रीत नव्हती.

मग धर्मगुरूंचं काम काय? त्यांचं वजन आपल्या माणसांवर असतं, तेव्हा आपल्या माणसांना आवरणं हेच त्यांचं पहिलं काम. दुसऱ्या धर्माला शांततेचा उपदेश कुणीही करू शकतो, आणि त्याचा उपयोग शून्य. नायजेरियातल्या कदुनाचे इमाम मुहम्मद अशाफा आणि पाद्री जेम्स वुये एकेकाळी आपापल्या बाजूच्या लढाऊ टोळ्यांत होते. १९९२ च्या हिंसाचारात वुये यांचा हात तुटला. अशाफा यांनी आपले गुरू आणि नातलग गमावले. १९९५ मध्ये दोघांची भेट झाली. मनातला संशय जायला वर्षं लागली, पण पुढे दोघांनी मिळून मध्यस्थी केंद्र उभं केलं. २००२ साली कदुनातल्या धर्मगुरूंनी शांततेच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, त्यामागे हे दोघे होते. त्याच वर्षाच्या अखेरीस शहर पुन्हा पेटलं, हेही खरं. पण काम थांबलं नाही. त्यांचं ऐकलं जातं, कारण ते बाहेरून आलेले उपदेशक नाहीत, त्यांची जखम सगळ्यांनी पाहिली आहे.

महाराष्ट्रात अलीकडे याची चांगली उदाहरणं घडली. २०२३ साली आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी, २९ जूनला आली. पंढरपुरात आणि राज्यातल्या कितीतरी गावांत मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी न करण्याचं ठरवलं. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकत्र आली, तेव्हा मुंबईतल्या खिलाफत कमिटीनं आपला जुलूस दुसऱ्या दिवशी काढला, आणि सरकारनंही त्या दिवशी सुटी दिली. पुढच्या वर्षीही जुलूस पुढे ढकलला गेला. हे निर्णय झाले तेव्हा वातावरण सोपं नव्हतं. २०२३ च्याच १० सप्टेंबरला साताऱ्याच्या खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमांवरच्या मजकुरावरून जमावानं मशिदीवर हल्ला केला आणि एका तरुणाचा जीव गेला. खेडी सुरक्षित असतात, हा जुना दिलासा मोबाइलनं हिरावून घेतला आहे. पुसेसावळीनंतर तीन आठवडेही झाले नव्हते, तरी मुंबईतल्या मुसलमानांनी जुलूस पुढे ढकलला, याचं मोल फार मोठं आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. हा समजूतदारपणा दर वेळी एकाच बाजूनं दाखवायचा, आणि दुसऱ्या बाजूनं ‘छान केलंत’ म्हणून पाठ थोपटायची, असं फार काळ चालणार नाही. अजान सुरू झाली की ताशा थांबवणारी, मशिदीसमोरून मिरवणूक न रेंगाळता पुढे काढणारी गणेश मंडळं महाराष्ट्रात आहेत. त्यांची संख्या वाढायला हवी, आणि ती वाढवण्याची जबाबदारी मंडळांच्या अध्यक्षांची, कीर्तनकारांची, ज्यांचा शब्द हिंदू तरुण ऐकतात त्या प्रत्येकाची आहे. जो संख्येनं मोठा, त्यानं एक पाऊल आधी मागे घेतलं तर त्याचं काहीच कमी होत नाही. आणि मशिदीतून जमावाला चिथावणारा कुणी असेल, तर त्याचा हात धरायचं काम त्याच मशिदीच्या विश्वस्तांचं. ३० मार्च २०२३ च्या पहाटेपूर्वी छत्रपती संभाजीनगरच्या किराडपुऱ्यात दंगल चालू होती. तेव्हा खासदार इम्तियाज जलील तिथल्या राममंदिरात जाऊन पोहोचले आणि मंदिर सुरक्षित असल्याचं त्यांनी तिथूनच चित्रफितीवर सांगितलं. त्यांचं राजकारण पटो वा न पटो, त्या रात्री ते सांगायला योग्य माणूस तेच होते.

भिवंडीची गोष्ट इथेच सुखान्त करून सोडणं बरोबर नाही. जुलै २००६ मध्ये तिथे पुन्हा रक्त सांडलं. या वेळी वाद हिंदू-मुसलमानांचा नव्हता. कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाण्याची इमारत बांधण्यावरून तो उसळला. पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसं गेली आणि त्यानंतर जमावानं दोन पोलिसांना ठार मारलं. मोहल्ला समित्यांत तोवर पूर्वीची धग उरलेली नव्हती. शिवाय पोलीसच वादातला एक पक्ष असेल, तर पोलिसांनी चालवलेली समिती मध्यस्थी कशी करणार, हा प्रश्न त्या घटनेनं उभा केला. तो आजही अनुत्तरित आहे. २०२४ च्या गणेश विसर्जनाच्या रात्री वंजारपट्टी नाक्यावर दगडफेक आणि लाठीमार झाला, तेव्हाही भिवंडीकरांना जुन्या समित्यांचीच आठवण आली असेल.

आणि न्यायाशिवाय शांतता टिकत नाही, हे कुणा शांतता समितीच्या बैठकीत कधी बोललं जात नाही. श्रीकृष्ण आयोगानं १९९८ साली अहवाल दिला, ३१ पोलिसांवर ठपका ठेवला. त्यावर पुढे फारसं काही झालं नाही. त्या दंगलींत बेपत्ता झालेल्यांच्या वारसांना शोधून भरपाई द्या, असं सर्वोच्च न्यायालयाला नोव्हेंबर २०२२ मध्ये सांगावं लागलं. मधे तीस वर्षं गेली. ज्या आईनं तीस वर्षं मुलाच्या मृत्यूचा दाखला मागितला, तिला एकोप्याचं भाषण ऐकवायला कुणाची जीभ रेटेल?

सणांच्या तारखा कधी कुणाला अचानक कळत नाहीत. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, आपल्या पंचांगात अधिक मास येतो. दोन्ही दिनदर्शिका शेजारी ठेवल्या की कोणत्या वर्षी कोणता सण कोणत्या सणाशी भिडणार हे वर्षानुवर्षं आधी दिसतं. मग बैठक सणाच्या दोन दिवस आधी का? प्रत्येक पोलीस ठाण्यात ती सण नसलेल्या महिन्यात व्हावी. तिच्यात मंडळाचे कार्यकर्ते, मशिदीचे विश्वस्त, बायका, कामगार, शाळेतले शिक्षक असावेत, आणि गेल्या खेपेला जिथे मिरवणूक अडली तो चौक नकाशावर सगळ्यांसमोर दाखवला जावा. कोणत्या कोपऱ्यावर वाद्यं किती वेळ बंद राहतील, तिथे दोन्हीकडून कोण उभं राहील, अफवा आली तर कुणी कुणाला फोन करायचा, हे नावानिशी कागदावर यावं. पोलीस स्वतः वादातला पक्ष असतील, तर बैठक तहसीलदारांनी किंवा निवृत्त न्यायाधीशांनी घ्यावी. त्या कागदाची एक प्रत ठाण्याच्या फलकावर, एक मंडळाच्या मंडपात आणि एक मशिदीच्या दारात लावावी, आणि अधिकाऱ्याची बदली झाली की नव्या अधिकाऱ्यानं पहिल्या आठवड्यातच त्या सगळ्या माणसांना बोलावून समोरासमोर भेटावं.